ताईच्या पोटातली तपकिरी घरं

कुमुदताईच्या पोटाचा तुकडा काचेवर चढला, तेव्हा त्यातल्या घरांत दिवे लागलेले होते. काच अजून माझ्या हातातच होती, मायक्रोस्कोपखाली जायची होती. तरी नखाएवढ्या त्या तुकड्यात गल्ल्या दिसत होत्या, गच्च्या दिसत होत्या, आणि एका गच्चीवर कुणीतरी धुतलेली साडी झटकून वाळत घालत होतं.

"शबाना, यात माणसं राहतात," मी म्हटलं.

"अजून ओलं आहे मॅडम," शबाना म्हणाली. "कव्हरस्लिप लावायची राहिलीये. जरा दम धरा."

शबाना मुल्ला आमच्या लॅबची टेक्निशियन. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या तुकड्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्याच्या टबात सोडायचे, अलगद काचेवर उचलायचे, रंगवायचे आणि वरून कव्हरस्लिपने, म्हणजे दुसऱ्या पातळ काचेने, झाकायचे, हे तिचं काम. मी पॅथॉलॉजिस्ट. रंगलेली काच बघून आत काय आहे ते सांगायचं, हे माझं. दम धरणं दोघींच्याही कामाचा भाग आहे, पण त्या दिवशी ते माझ्याकडून होणार नव्हतं. काच माझ्या सख्ख्या बहिणीची होती.

ताई बाहेर बाकावर बसली होती. घरी थांब म्हणून किती सांगितलं, पण ऐकेल तर ती ताई कसली! सकाळपासून तिने वॉचमनच्या मुलीसाठी स्थळं सुचवायला घेतली होती, आणि रक्त द्यायला आलेल्या बायकांना लिंबाचं गोड लोणचं कसं मुरवायचं ते सांगून झालं होतं. लोकांना जेवायला घालण्यात हिचा जन्म गेला. आता स्वतः दोन घास खाल्ले की तिचं पोट भरतं आणि पुढचा घास उलटून येतो.

गाठ जठरात होती आणि कापून काढण्यापलीकडे पसरलेली होती. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर बेडेकर म्हणाले होते, "आता बरंचसं हर-टूवर आहे." हर-टू हे एक प्रथिन. काही गाठींच्या पेशींच्या अंगावर ते दाट असतं, काहींच्या अंगावर औषधालाही सापडत नाही. शबानाच्या रंगाने, ते असेल तिथे पेशीची कड तपकिरी होते. कड तपकिरी आली तर नेमकं त्या प्रथिनाला जाऊन धरणारं इंजेक्शन देता येतं आणि गाठ मागे हटायची आशा असते. नाही आली तर काय, असं विचारल्यावर बेडेकर चष्मा पुसायला लागले होते. एवढ्याशा तुकड्यासाठी नियम असा, की एकमेकींना चिकटून बसलेल्या निदान पाच पेशी तपकिरी हव्यात. मला पाच हव्या होत्या, आणि आत्ताच्या आत्ता हव्या होत्या.

मी काच ओलीच घेतली, मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला. नळी नेहमीपेक्षा लांब होती. मी वाकले. तळ दिसेना म्हणून आणखी वाकले. कमरेपर्यंत आत गेल्यावर पाय फरशीवरून सुटले, पण नळीच्या आतल्या बाजूला धरायला दांडे होते, त्यामुळे अडचण झाली नाही. मी उलटी फिरून एकेक दांडा उतरत गेले आणि खाली पाय टेकवले. जमीन काचेची होती आणि चांगलीच निसरडी होती.

"मॅडम, चपला वरच राहिल्या," शबानाचा आवाज आला.

"राहू देत," मी म्हटलं.

समोर ताईच्या पोटातलं गाव पसरलं होतं. उजव्या हाताला जुनी वस्ती, म्हणजे धड असलेलं पोट. घरं एका ओळीत, सारख्या उंचीची, आणि प्रत्येक घरात तळाशी एक छोटी निळी ट्रंक भिंतीला नीट लावून ठेवलेली. ही ट्रंक म्हणजे पेशीचं केंद्रक. कसं राहायचं, किती वाढायचं, कधी थांबायचं, ते सगळं तिच्यात घडी करून ठेवलेलं असतं. डाव्या हाताला गाठ. तिथे घरावर घर चढलेलं, गल्ल्या मध्येच बंद झालेल्या, आणि ट्रंका इतक्या फुगलेल्या की काही घरांत पाऊल टाकायला जागा नव्हती.

खरं तर मला भीती वाटायला हवी होती. पण माझ्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं हे सगळं मी वरून बघत आले, गच्चीतून वरात बघावी तसं, आणि आज मी वरातीत होते. मी पदर खोचला आणि डावीकडे धावत सुटले.

पहिलं दार ताईनेच उघडलं. पण ही ताई तिशीतली होती, लांब वेणीची, कपाळावर घाम आणि हातात गवंड्याची थापी.

"काय गं बेबी, अनवाणी?" ती म्हणाली. "ये आत. ट्रंकेवरून चढून ये, खाली जागा नाही."

"ताई, तू काय करतेयस?"

"खोली काढतेय."

"कुणासाठी?"

"कुणास ठाऊक. हात थांबतच नाही बघ. एक भिंत झाली की लगेच..."

बोलता बोलता ती रुंद झाली. मधोमध तिला कणकेच्या गोळ्यासारखी खाच पडली, खाच खोल होत गेली आणि ताईच्या दोन ताया झाल्या. ट्रंकेच्याही दोन ट्रंका झाल्या.

"...दुसरी," नवी ताई म्हणाली. दोघी हसल्या आणि दोघींनी थाप्या उचलल्या.

मी भिंती बघून घेतल्या. चारही पांढऱ्याफटक. तपकिरीचा मागमूस नव्हता.

"तुमच्या भिंतींना रंग नाही," मी म्हटलं.

"अगं, गिलावा वाळायला वेळ कुठे मिळतोय!" दोघी एकदम म्हणाल्या.

मी पुढच्या दारावर गेले. तिथे दोन वेण्यांची शाळकरी ताई होती. त्याच्या पुढे हिरव्या चुड्यातली नवी नवरी ताई. त्याच्याही पुढे साठीची, बाहेर बाकावर बसलेली आहे अगदी तशीच, फक्त हिचे गाल भरलेले होते. सगळ्यांच्या हातात थाप्या, सगळ्यांचं तेच म्हणणं, हात थांबत नाही. मी कुणाच्या चहाला थांबले नाही. "आले गं, आले," करत भिंतींवरून हात फिरवत पळत राहिले. चारही बाजूंनी अखंड तपकिरी असेल तरच घर मोजायचं, हे माझ्या अंगवळणी पडलेलं होतं. आमच्याकडे हर-टूसाठी येणाऱ्या बहुतेक काचा स्तनांच्या गाठींच्या असतात आणि तिथे असंच मोजतात. एका चौकाभोवती मला काही घरं दिसली, ज्यांच्या तीन भिंती तपकिरी होत्या आणि चौकाकडची बाजू कोरी होती. मी मोजायला बोट उचललं. मग मी स्वतःलाच दटावलं, अर्धवट घरं मोजून ताईला फसवू नकोस, आणि पुढे पळाले.

गाव संपलं. पुढे नुसती काच, चकचकीत, मोकळी. आणि त्या मोकळ्या काचेच्या पलीकडे एक बेट होतं. त्या बेटावरची घरं तपकिरी होती.

तपकिरी म्हणजे कशी! उकळत्या काढ्यासारखी दाट, चारही बाजूंनी, कुठे खंड नाही. पाच काय, मला तिथे पन्नास दिसत होती. मी जोरात ओरडले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून परत ओरडले. घसरत, पडत, उठत, दोन्ही हात पंखांसारखे पसरून मी ती काच पार केली. डोक्यात पुढचं सगळं तयार होतं. बाहेर जाऊन ताईला मिठी मारायची, बेडेकरांना फोन करायचा, आणि हो, संध्याकाळी तिला आवडते तशी पातळ मुगाची खिचडी, वर कढवलेलं तूप. मी पहिल्या दाराची कडी वाजवली, नुसती वाजवली नाही, बडवली.

दार एका भरघोस मिशांच्या माणसाने उघडलं. डोक्याला टोपी, अंगात बनियन.

"कोन पायजे?"

"कुमुद पटवर्धन इथेच राहतात ना?"

"न्हाई बा. हितं समदं चौगुलेच."

शेजारचं दार उघडलं. तिथेही तोच माणूस, त्याच मिशा. त्याच्या पलीकडचं उघडलं, तिथेही तोच.

"भूपाल चौगुले?" मी विचारलं. त्यांचं नाव मला माहीत होतं. ताईच्या आधी त्यांच्याच तुकड्याचे काप काढले होते.

"व्हय, आमीच. तुमी डाक्टर न्हवं का?"

"तुम्ही इथे कसे आलात?"

"आमाला बी कळंना झालंय. कोमट पाण्यात पोहत हुतो. कुनीतरी खालनं काच घातली, वर वढलं, आन् हितं येऊन चिकटलो."

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या कामात हे होतं. एकाच टबात एकामागून एक काप सोडतात. आधीच्या पेशंटचा एखादा कण पाण्यावर तरंगत राहतो आणि पुढच्याच्या काचेवर येऊन बसतो. शबाना दर वेळी पाण्यावरून कागद फिरवून तो साफ करते, तरी एखादा चौगुले राहून जातो.

"आमच्या भिंती अशा झाल्यात," चौगुले म्हणाले. "ह्ये बरं का वाईट?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. "तुम्हाला इंजेक्शन मिळेल. फार चांगलं आलंय तुमचं."

"ऐकलं का रं!" त्यांनी हाळी दिली आणि बेटावरची सगळी दारं उघडली. सगळीकडून मिशा बाहेर आल्या. "बरं हाय म्हनत्यात! च्या घ्या की बाई, असं कसं जाताय!"

मी त्यांचं अभिनंदन केलं. मनापासून केलं, आणि त्याच वेळी मला त्यांचा हेवाही वाटला. हे सगळं छान तपकिरी माझ्या बहिणीचं नव्हतं. वर राहून बघितलं असतं तर कदाचित मी हेच तिचं समजून पेढे वाटले असते. मी चहाला नाही म्हटलं आणि पाठ फिरवली, कारण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

"मॅडम, झाकतेय हां!" वरून शबाना ओरडली.

"थांब, मी आत आहे!"

"बुडबुडा राहायला नको ना मॅडम!"

आकाशाची एक कड खाली आली. कव्हरस्लिप नेहमी अशीच तिरकी उतरवतात, एका बाजूने, हळूहळू, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते आणि काच बसताना बुडबुडा राहत नाही. इथे खालून ते बघणं वेगळं होतं. क्षितिज बारीक होत होतं. चौगुल्यांच्या बेटामागून चिकटवायचा दाट द्रव पाकासारखा पुढे सरकत आला, माझ्या टाचांना लागला, घोट्यांपर्यंत चढला. वारा सुटला, कारण हवेला जायला जागा उरली नव्हती आणि ती सगळी गावाकडे पळत होती. मी हवेबरोबर पळाले. मी उतरले होते ती नळी लांब कुठेतरी वर उचलली गेलेली दिसली. आता बाहेर पडायची वाट नव्हती. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पाच घरं सापडली नाहीत तर बाहेर पडून तरी मी बाकावरच्या ताईला काय तोंड दाखवणार होते?

द्रवाच्या पुढे पुढे पळता पळता मी पुन्हा त्या चौकात आले. आजूबाजूचं गाव दाटीचं असलं तरी चौक मोकळा होता आणि त्याच्याभोवती ती तीन भिंतींची घरं होती. एका घरातून ताई बाहेर डोकावत होती. ही साठीची होती, चष्मा लावलेली.

"काय गं, मघाशी बघून न बघितल्यासारखं करून गेलीस," ती म्हणाली.

"तुझं घर अर्धवट आहे ताई. समोरची भिंतच नाही."

"चौकाकडे कुणी भिंत घालतं का, वेडे? चौक सगळ्यांचा असतो. तिकडून यायचं जायचं, पोटात आलेलं अन्न तिकडूनच. तिथे भिंत घातली तर ते पोट कसलं?"

मी जागच्या जागी उभी राहिले. मग मोठ्याने हसायला लागले. पोटाचं वेगळं असतं! पोटाच्या पेशी पोकळीभोवती बसतात आणि पोकळीकडची कड बहुतेकदा रंगतच नाही. तीन बाजू तपकिरी आल्या तरी ते घर मोजायचं, पोटासाठी नियमच तसा आहे. हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, दुसऱ्यांना शिकवलेलंही होतं. डोळ्याला मात्र स्तनांच्या गाठींची सवय लागली होती आणि डोळा चौथी भिंत शोधत बसला होता.

"ताई, तुझं आलंय!" मी तिचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "तुझं आलंय, तपकिरी आलंय!"

"अगं हो, हो. चष्मा पडेल."

मी चौकाभोवती पळत घरं मोजली. एकमेकांना चिकटलेली, मधली भिंत सामायिक, तिन्ही बाजूंनी गडद. चार घरांत चार ताया होत्या: ही चष्म्याची, एक शाळकरी, एक हिरव्या चुड्यातली आणि एक लांब वेणीची. पाचवं घर कोपऱ्यात होतं, त्याचा गिलावा अजून ओला होता आणि आत कुणीच नव्हतं.

"पाच!" मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. "बरोबर पाच आहेत!"

"बरं, आहेत. मग पुढे काय?" चष्म्याची ताई म्हणाली. बाकीच्या तिघीही दारात आल्या. त्यांच्या थाप्या तेवढ्यापुरत्या थांबल्या होत्या.

मला हे सांगावंच लागणार होतं. आनंदाच्या भरात ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"इंजेक्शन येईल," मी म्हटलं. "ते तपकिरी भिंत हुंगत येतं. भिंत सापडली की तिला धरून बसतं."

"आणि मग?"

"मग ते घर बंद."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे खोल्या काढायचं थांबतं. मग दिवा जातो."

चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शाळकरी ताईने वेणीचं टोक तोंडात घातलं. लहानपणीही ती विचार करताना असंच करायची, असं आई सांगायची.

"आणि ती बाहेर बाकावर बसलीये, तिचं?" चष्म्याची ताई म्हणाली.

"ती जेवेल," मी म्हटलं.

मग चष्म्याच्या ताईने थापी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मग त्यात विचार कसला करायचा?" बाकीच्यांनीही थाप्या ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी ताईचे हात रिकामे बघत होते, आणि ते चार जोड होते. मला तिच्यावर इतकं प्रेम आलं की नेमकी कोणाला मिठी मारावी ते कळेना, म्हणून मी जवळच्या खांबाला मारली.

आकाश पूर्ण खाली आलं. कव्हरस्लिप बसली, हवेचा शेवटचा झोत आमच्या डोक्यांवरून गेला आणि सगळं स्तब्ध झालं. डोक्यांच्या वर फक्त कमरेएवढी उंची उरली होती, मग ती खांद्याएवढी झाली, कारण आम्हीच जरा खाली दबलो. आणि त्या काचेपलीकडे, सगळं आकाश भरून, डोळा आला.

मी तो लगेच ओळखला. माझ्या डोळ्यात डाव्या कोपऱ्यात, बुबुळाच्या कडेला, एक लाल ठिपका आहे, तोच इथेही होता. डोळा माझाच होता.

"तू तर इथे आहेस," हिरव्या चुड्यातली ताई म्हणाली. "मग वर कोण?"

"मीच. कामाला खाडा करत नाही मी," मी म्हटलं.

डोळा आधी डावीकडे गेला. चौगुल्यांच्या बेटावर थांबला आणि बाहुली विस्फारली. वरून बघणारीला काय वाटत होतं ते मला कळत होतं, कारण मघाशी मलाही तेच वाटलं होतं. मी घाबरून हात हलवले, नाही, ते आपलं नाही! मग तिला मिशा दिसल्या असाव्यात. बाहुली आक्रसली, पापणी एकदा मिटली, त्यात पाणी आलं आणि डोळा परत फिरला. आता तो गावावरून सरकत होता, घाईने, एकेका घराची चौथी भिंत शोधत, नाही म्हणत, पुढे जात.

"इकडेच येतोय," शाळकरी ताई म्हणाली.

"आणि निघून जाणार," मी म्हटलं. "मला माहीत आहे ना ती. तीन भिंती बघून पुढे जाणारी आहे ती. मघाशी गेली नव्हती का?"

"मग सांग की तिला."

मी ओरडले. तीन पुरेत, पोटाला तीन पुरेत, असं घसा फोडून ओरडले. काचेतून आवाज गेला नाही. डोळा आणखी जवळ आला.

"ओरडू नकोस गं," चष्म्याची ताई म्हणाली. "तिला चौथी बाजू हवी ना? देऊन टाकू."

ती आपल्या दारात जाऊन उभी राहिली, चौकाकडे तोंड करून, आणि दोन्ही हात पसरून तिने दोन्हीकडच्या भिंतींना टेकवले. भिंतींवरचा तपकिरी रंग तिच्या बोटांवर चढला. मेंदीसारखा, आधी टोकांना, मग तळव्यांना. शाळकरी ताई आपल्या दारात गेली. तिचे हात पुरेनात, तेव्हा तिने बोटं ताणली. चुड्याची गेली, लांब वेणीची गेली. चार दारं बंद झाली.

"पाचवं रिकामं आहे," मी म्हटलं. "कुणाचं आहे ते?"

"तुझं," चष्म्याची ताई मान न वळवता म्हणाली. "सकाळीच काढली ती खोली. म्हटलं, बेबी आली तर तिला झोपायला जागा नको का?"

मी धावले. ओल्या गिलाव्याच्या त्या दारात उभी राहिले, हात पसरले आणि दोन्ही तळवे भिंतींना लावले. भिंती गरम होत्या. तपकिरी रंग माझ्या बोटांत आला, मनगटांत आला, आणि तो येताना इतकं बरं वाटत होतं की मी मोठमोठ्याने हसत होते. मी ताईची पेशी नव्हते. पण लहानपणापासून लोक आम्हाला एकमेकींच्या नावाने हाक मारत आलेत, तेवढं तरी पुरेल, असं माझ्या मनात आलं.

"बेबी, वाकू नकोस," शेजारच्या दारातून ताई म्हणाली.

वर कट्ट आवाज झाला. भिंग बदललं आणि डोळा एवढा मोठा झाला की आकाशाची कड उरली नाही. तो चौकावर आला आणि थांबला. चष्म्याच्या ताईवरून तो दुसऱ्या दारावर आला, तिथून तिसऱ्या, चौथ्या. प्रत्येक दारापाशी त्याची पापणी जराशी हलत होती, मी मोजताना हलते तशी. रंग माझ्या गळ्यापर्यंत चढला होता, हनुवटीला लागत होता. मग डोळा माझ्यावर आला, माझ्या चेहऱ्यावर थांबला आणि नीट बघण्यासाठी बारीक झाला.